अक्कांचं काउंटर, माझा पॉपअप

पॉपअप उघडायला काही अक्कल लागत नाही. बटण दाबलं की चौकोन उघडतो, झालं. तो बंद कधी व्हायचा हे त्याला शिकवताना मात्र नाकीनऊ येतात. बाहेर कुठं क्लिक झालं तर बंद हो, तारीख निवडली तर बंद हो, पण माणूस आतल्या आत महिना बदलत असेल तर बंद होऊ नकोस. स्क्रीनच्या खालच्या कडेला असशील तर वरच्या बाजूला उघड. आणि बंद झाल्यावर कर्सर होता तिथंच नेऊन ठेव, नाहीतर टाइप करणारा माणूस माझ्या नावानं बोटं मोडणार. त्या एका चौकोनाला वळण लावण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला, वर पावसाळाही. नवऱ्याच्या मते माझं डोकंसुद्धा.

मी उचगावात राहते. पुण्यातली नोकरी लग्नानंतर सोडली, माडीवरच्या खोलीत दोन मॉनिटर मांडले आणि आसपासच्या संस्थांना, दुकानांना सॉफ्टवेअर करून द्यायला लागले. सगळं डेस्कटॉपवर चालणारं. पुण्यातल्या मैत्रिणी नाक मुरडतात, "अगं, अजून डेस्कटॉप?" मी म्हणते, या इकडं आणि बघा. रेंज गेली म्हणून म्हशी दूध द्यायच्या थांबत नाहीत. इथं चालतं ते इथल्या मशीनवरच चाललं पाहिजे.

त्या वर्षी गुढीपाडवा होऊन गेल्यावर आमच्या भागातल्या एका दूध संस्थेचं काम आलं. नाव सांगत नाही. तिथं जनावरांच्या आरोग्याचा एक विभाग होता, म्हणजे एक खोली, एक काउंटर आणि काउंटरमागं एक बाई. त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं. चष्म्याला दोरी, हातात निळं पेन, पुढ्यात उशीएवढं जाड रजिस्टर. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. ते रजिस्टर कॉम्प्युटरवर न्यायचं, एवढंच माझं काम होतं.

काम तसं सोपं. गावातल्या बायका म्हैस भरवली की काउंटरला येऊन सांगायच्या. कोणी रेड्याकडं नेलेली असायची, कोणी खाजगी डॉक्टर बोलावलेला असायचा. ज्यांना यायला जमत नसे त्या वहीचा कागद फाडून चिठ्ठी पाठवायच्या. अक्कांनी ती तारीख लिहायची, तिथून तीन महिन्यांनी संस्थेचा डॉक्टर गाभण आहे का बघायला जाणार, आणि पुढं व्यायची तारीख काढून ठेवायची. म्हणजे तीन फॉर्म आणि तिन्हीत तारखाच तारखा. मी ठरवलं, तारखेचा एकच पॉपअप असा करायचा की तो कुठल्याही फॉर्मात नुसता उचलून ठेवला की चालला पाहिजे.

पहिल्या दिवशी मी अक्कांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. एक बाई आली.

"अक्का, म्हस भरवली की."

"कवा?"

"जोतिबाची यात्रा झाली, त्याच्या तिसऱ्या दिशी."

अक्कांनी मान वर केली नाही. अंगठा बोटांच्या पेरांवरनं फिरला, मग त्या उठल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं, बोट ठेवलं, परत येऊन बसल्या आणि रजिस्टरात लिहिलं. दोन रकाने होते, एक तिथीचा, एक तारखेचा. मग पेरांवर पुन्हा एक फेरी आणि व्यायची तारीख तयार.

"म्हशीला धा म्हैनं धा दिस, गाईला नऊ म्हैनं नऊ दिस," त्या मला म्हणाल्या. "हे कॉम्प्युटरला ठावं हाय का?"

"शिकवते की."

"बघ बाई. मी काय, जमंल तंवर लिवतो." आमच्याकडं बऱ्याच बायका येतो-जातोच म्हणतात, पुण्याला मी ते विसरले होते, इथं येऊन परत कानाला लागलं.

पंधरा दिवसांत मी पहिला पॉपअप करून नेला. साधं महिन्याचं पान, बाण दाबून पुढं-मागं जायचं. दुसऱ्याच दिवशी अक्कांचा फोन. "तुझा डबा उघडतुय आनि आपसूक मिटतुय." मी त्यांना काय करायचं ते सांगितलं. परत फोन, मिटतोय. तिसऱ्या फोनला माझं टाळकं सरकलं. "अक्का, तुम्ही बाहेर कुठंतरी क्लिक करताय, दुसरं काही नाही!" असं म्हणून मी रागारागानं गाडी काढली आणि संस्थेत गेले. बघते तर रजिस्टर की-बोर्डला टेकवून ठेवलेलं. अक्का पान उलटायला ते सरकवायच्या, आणि त्याचा कोपरा डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या एस्केपच्या बटणावर बसायचा. ते बटण दाबलं की पॉपअप मिटतो. मीच तसं केलेलं, आणि वर त्या बाईवर ओरडले होते. मी रजिस्टर उचलून दुसरीकडं ठेवलं. माफी मागायला हवी होती, मागितली नाही.

पण खरी अडचण रजिस्टरची नव्हतीच. अक्का पॉपअप उघडायच्या, उठून भिंतीवर बघायच्या, परत येऊन तारीख दाबायच्या. म्हणजे आधी एक काम होतं, आता दोन झाली. गावातली कुठलीच बाई "तेवीस तारखेला" असं सांगत नव्हती. कुणाची म्हैस अमावस्येच्या आदल्या दिवशी भरवलेली, कुणाची आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कुणाची "आमच्या धाकटीला बघायला पावणं आल्तं त्या दिशी." ती शेवटची तारीखसुद्धा अक्कांना ठाऊक असायची, कारण त्या दिवशी पोहे खायला त्याही होत्या.

मी म्हटलं, "अक्का, भिंतीवरचं कॅलेंडरच चौकोनात आणते. तिथी, सण, यात्रा, सगळं. नुसतं नाव टाइप करायचं, तारीख आपोआप."

अक्का हसल्या. "मग घे लिवून."

चार दुपारी मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसले. बायका कुठल्या कुठल्या दिवसांची नावं घेतात त्याची त्यांनी मला यादी दिली. पंचमी म्हणजे नागपंचमी, बैलांचे दोन सण, ज्येष्ठातला कर्नाटकी बेंदूर आणि महिन्याभरानं आपला बेंदूर, गौरी जेवतात तो दिवस, त्र्यंबोलीची यात्रा, दिवाळीतला पाडवा, यल्लम्माची पुनव. कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी, कुठली बाई कशाला काय म्हणते, सगळं. मी भराभरा लिहीत होते.

मधेच त्यांनी विचारलं, "पर ह्यो डबा तीन जागी हाय. तीनदा करनार व्हय?"

"नाही. एकदाच करायचा, तिन्हीकडं तोच."

"म्हंजी चटनीगत," अक्का म्हणाल्या.

मला एवढं बरं वाटलं! पॉपअप पुन्हा पुन्हा वापरता येईल असा का करायचा, हे पुण्यात मी नव्या पोरांना अर्धा तास फळ्यावर समजावून सांगायची. इथं अक्कांनी एका शब्दात सांगितलं. आपल्याकडं उन्हाळ्यात कांदा-लसणाची चटणी कांडून आणतात, बरणी भरून ठेवतात आणि वर्षभर तीच आमटीत, तीच भाजीत, तीच भाकरीवर. दररोज कोण मिरच्या भाजत बसत नाही.

"पर मीठ नीट घाल," त्या म्हणाल्या. "चटनीत चुकलं की वर्सभर समद्यात चुकतं."

"घालते हो," मी म्हटलं. माझा हातखंडा होता त्यात. असं मला वाटत होतं.

मग मी माडीवर बसले. चंद्राचं गणित कुठल्याही प्रोग्रामरला तयार मिळतं, अमावस्या कधी, पौर्णिमा कधी, मिनिटापर्यंत अचूक निघतं. त्यावर महिन्यांची नावं ओळीनं लावली, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा, शेवटचं संपलं की परत पहिलं. मागच्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन प्रत्येक सण ताडून बघितला. एकही चुकला नाही. चालू वर्षाचं आषाढापर्यंत बघितलं, तेही तंतोतंत. मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली आणि उरलेला वेळ कडेचा पॉपअप स्क्रीनबाहेर जातो, त्याच्यामागं लागले.

त्यातच आईचं बोलावणं आलं. माझं माहेर आजऱ्याकडचं. जावयाला जेवायला घातलं पाहिजे, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायला पाहिजे. गेलो आम्ही. नवऱ्याला पाटावर बसवलं, ओवाळलं, पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार. आणि मी? मी मागच्या सोप्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. आई म्हणाली, "वर्साआड नाही, तीन वर्सांनी येतोय हा महिना. ते मिटव की जरा." मी म्हटलं, आई, दोन मिनिटं, चौकोन कडेला चिकटतोय. तिनं माझ्या तोंडात धोंडा कोंबला आणि ती निघून गेली. चौकोन सुटला. मी खूश झाले.

गणपती होऊन गेल्यावर मी पॉपअप संस्थेत बसवला. संस्थेच्या व्यवस्थापकांना सगळे साहेब म्हणायचे. मी त्यांच्यासमोर "पंचमी" टाइप केलं, पुढं अधिक एक, एंटर. पंचमीचा दुसरा दिवस म्हणून एक तारीख चौकोनात येऊन बसली, तपासणीची आणि व्यायची तारीख बाजूच्या चौकोनांत आपोआप. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आयला! म्हणजे पंचांग बघायला नको, बोटं मोजायला नकोत?"

"काही नको."

"कुणीबी करंल की मग."

"कुणीही," मी फुशारकीनं म्हणाले.

"मग अक्का कशाला पायजेत तिथं?"

ते वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. पॅकिंगला माणसं कमी होती, आणि त्यांना वर उत्तर द्यावं लागत होतं. त्यांनी लगेच ठरवलं. ऑफिसातला क्लार्क पाडव्यापासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या एका बैठकीत पॉपअपमधून भरेल. दसऱ्यानंतर त्या तारखा अक्कांच्या रजिस्टराशी ताडून बघायच्या. सॉफ्टवेअर पास झालं की दिवाळीपासून अक्का पॅकिंगला.

पॅकिंग म्हणजे थंड खोली. फरशी ओली, दिवसभर उभं राहायचं, पिशव्यांचे क्रेट सरकवायचे. अक्कांच्या गुडघ्यांना दोन्हीकडं पट्टे बांधलेले मी रोज बघत होते. काउंटरवरनं उठून भिंतीपर्यंत जायलासुद्धा त्या टेबलाचा आधार घ्यायच्या. ती तीन वर्षं त्यांना तिथं निघणार नव्हती, नोकरी सोडूनच द्यावी लागली असती. हे मला कळत होतं, साहेबांना कळत होतं, अक्कांना तर कळत होतंच.

मी काउंटरला गेले. स्टूल ओढून बसले. अक्काच म्हणाल्या, "माझ्याकडनंच समदं लिवून घेटलंस की गं."

रागानं नाही म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते, मला ते जमतं. मी खाली मान घालून बाहेर आले आणि गाडीला किक मारताना रडले. माझ्या कामानं आजवर कुणाचं वाईट झालं नव्हतं. निदान माझ्या डोळ्यांसमोर तरी नाही.

दसरा झाला. साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं, साहेब, क्लार्क, अक्का आणि मी. टेबलावर एका बाजूला रजिस्टर, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरनं काढलेल्या याद्या. क्लार्क एकेक नोंद वाचत गेला, साहेब रजिस्टरात बोट फिरवत गेले. चैत्र जुळला. वैशाख जुळला, ज्येष्ठ, आषाढ, सगळं जुळत गेलं. माझं सॉफ्टवेअर पास होत होतं आणि अक्कांची खुर्ची जात होती.

आणि मग पंचमी आली. एका बाईची चिठ्ठी होती, म्हैस पंचमीच्या दुसऱ्या दिवशी भरवली. कॉम्प्युटर म्हणतो जुलै. रजिस्टर म्हणतं ऑगस्ट. बरोब्बर एक महिन्याचा फरक. पुढची नोंदही तशीच. त्याच्या पुढचीही. पानंच्या पानं महिन्यानं सरकलेली.

साहेबांनी चष्मा काढला. "अक्का, हे काय झालं ओ? एवढी वर्षं लिवताय आनि एक म्हैना खाल्ला?"

"मी न्हाय खाल्ला."

"मग कॉम्प्युटरनं खाल्ला व्हय? कॉम्प्युटर चुकत नसतोय, अक्का. माणूस चुकतंय. वय हुतंय, कुणाचंबी हुतं." त्यांनी यादी क्लार्ककडं सरकवली. "उद्या डॉक्टर तपासणीला जाणार हायेत. त्यास्नी हीच यादी द्या."

अक्का ताडकन उठल्या. गुडघ्यांसकट. "ही यादी दिऊ नगा सायेब! दोन म्हैन्याची गाभण म्हस तीन म्हैन्याची म्हणून बघितली तर कायतर भलतंच हुईल. डॉक्टरला कळलं न्हाय, त्यो म्हणला खाली हाय, गाभण न्हाय, आनि माजावर आणायला सुई टोचली, तर पोटातलं जाईल की! ती बाई काय करंल?"

"अहो, पण—"

"मला एक सांगा," अक्का क्लार्ककडं वळल्या. "धोंड्यातल्या चिठ्ठ्या कुठं हायती?"

क्लार्कनं खणातनं एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. "ह्या व्हय? ह्यात धोंड्यातली एकादस, धोंड्यातली पुनव असलं कायबाय लिवलंय. कॉम्प्युटर म्हणतोय सापडत न्हाय. म्हणून बाजूला ठेवल्यात."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या वर्षी श्रावण दोन होते. आधी अधिक श्रावण, म्हणजे धोंड्याचा महिना, आणि त्यानंतर खरा श्रावण, ज्याच्यात पंचमी येते. आणि मी काय केलं होतं? बारा नावं ओळीनं लावली होती. तेराव्याला जागाच नव्हती. म्हणून माझ्या पॉपअपनं अधिकालाच श्रावण म्हटलं, आणि तिथून पुढचा प्रत्येक सण एक महिना अलीकडं ओढला. मागच्या वर्षी अधिक नव्हता, म्हणून तपासताना सगळं जुळलं. आणि ह्या वर्षी, त्याच महिन्यात, मी माहेरी बसून पुरणाचा धोंडा खात होते, मांडीवर हाच पॉपअप उघडा ठेवून! तोंडात धोंडा आणि प्रोग्रामात धोंडा नाही. अशी माती खाणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नसेल.

साहेबांना अजून काही कळलं नव्हतं. क्लार्कलाही नाही. अक्का एकट्याच माझ्याकडं बघत होत्या.

खरं सांगते, एक क्षण माझ्या मनात आलं. "डेटा तपासावा लागेल, दोन दिवस द्या," एवढं म्हणायचं. घरी जाऊन गुपचूप दुरुस्त करायचं, आणि क्लार्कनं चिठ्ठ्या चुकीच्या भरल्या म्हणायचं. प्रोग्रामर लोक हे करतात. मीही पुण्यात एकदा केलं होतं. माझं नाव नवीन होतं, हे काम गेलं असतं तर पुढची चार कामं गेली असती.

पण मला त्या रजिस्टराच्या कोपऱ्याची आठवण झाली. चूक माझी, आणि ओरडा त्यांना. तेव्हा गप्प बसले होते.

"साहेब," मी म्हणाले, "अक्कांचं रजिस्टर बरोबर आहे. एकूण एक नोंद बरोबर आहे. चूक माझी आहे. मी धोंड्याचा महिना विसरले."

"विसरलात?"

"विसरले."

"कॉम्प्युटर विसरला?"

"कॉम्प्युटरला काय कळतंय? मी सांगितलं तेवढंच त्याला ठाऊक."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, म्हणजे उद्या माझ्या डॉक्टरनं गाभण म्हशीस्नी सुया टोचल्या असत्या! तिन्ही फॉर्म चुकीचे?"

"तिन्ही. पॉपअप एकच आहे ना, त्यामुळं एका जागची चूक सगळीकडं गेली."

"मग उचला की हे समदं! आमचं रजिस्टर काय वाईट हुतं?"

मला वाटलं, गेलं काम. आणि वाईट वाटण्याऐवजी सुटल्यासारखंच वाटलं. तेवढ्यात अक्का खुर्चीत परत बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मीठ कमी पडलं म्हणून वर्साची चटनी उकिरड्यावर टाकत्यात व्हय, सायेब? वरनं मीठ घालत्यात. एका बरणीत घाटलं की समद्या भाज्यास्नी लागतं. पोरीनं डबा चांगला केलाय. धोंडा तेवढा घालू दे की."

त्या माझी बाजू घेत होत्या. ज्या डब्यामुळं त्यांची खुर्ची जाणार होती, त्या डब्याची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला पाणी आलं की मागोमाग राग येतो, तो माझा स्वभावच आहे.

"घालते," मी म्हणाले, "पण अक्का काउंटरवर असतील तरच. त्या पॅकिंगला गेल्या तर मी माझं सॉफ्टवेअर काढून घेणार."

"धमकी देताय व्हय?"

"व्हय."

क्लार्क खिडकीबाहेर बघायला लागला. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, अक्कांकडं बघितलं, आणि ती यादी उभी फाडली. "डॉक्टरला रजिस्टर द्या," ते क्लार्कला म्हणाले. मग माझ्याकडं बोट करून, "नीट करून दावा. अक्का सध्या हायती तिथंच राहतील. पुढच्या कर्नाटकी बेंदरापत्तोर बघू. तवाच्या मीटिंगमध्ये पॅकिंगचं काय ते ठरवू."

म्हणजे टांगती तलवार होतीच. पण दिवाळीची बेंदरापर्यंत गेली, हेही काही कमी नव्हतं.

त्याच दुपारी मी काउंटरला अक्कांच्या शेजारी बसले. "अक्का, धोंडा कधी येतो हे कसं ओळखायचं? पंचांगवाले कसं ठरवतात?"

"सूर्य दर म्हैन्याला रास बदलतो. एका आवसंपास्नं दुसऱ्या आवसंपत्तोर ज्या म्हैन्यात बदलत न्हाय, त्यो धोंडा," त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यानं सांगितलंतं." एवढंच. पाडव्यापासून मी ज्या कामावर बसले होते त्याचं राहिलेलं मीठ ह्या एका वाक्यात होतं. मी ते लिहिलं, आणि लिहिता लिहिता त्यांना म्हणाले, "त्या दिवशी पॉपअप मिटत होता ना, ते तुमचं चुकत नव्हतं. मी उगाच ओरडले."

"मला ठावं हाय," अक्का म्हणाल्या. "रजिस्टर उचलताना तुझं थोबाड बघितलंतं की."

पॉपअपमध्ये एकाच जागी दुरुस्ती केली आणि तिन्ही फॉर्म एका दमात सुधारले. अक्कांनी धोंड्यातल्या चिठ्ठ्यांची पिशवी काढली. पहिली चिठ्ठी मी त्यांना स्वतः भरायला लावली. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत. "धोंडा", "एकादस". तारीख येऊन बसली. त्या मागं वळल्या, भिंतीवर बघून खात्री केली आणि म्हणाल्या, "हां! आता कसं!"

मी आणखी एक गोष्ट केली, साहेबांना न विचारता. पॉपअपमध्ये एक बटण ठेवलं. नवीन वर्षाच्या तिथी आणि सण त्यात भरले, तरी ते बटण दाबल्याशिवाय वापरायला खुले होत नाहीत. बटणावर लिहिलंय, "अक्कांनी बघितलं". गुढीपाडव्याला अक्का नवं पंचांग घेऊन बसल्या, वर्षभराचे सण एकेक करून ताडले. दोन ठिकाणी मला चूक दाखवली, ती मी गपगुमान सुधारली, आणि मग त्यांनी ते बटण दाबलं. तोवर त्यांनी भिंतीकडं उठून जायचं जवळजवळ बंद केलं होतं. बायका समोर उभ्या राहून सांगायच्या, त्या बसल्या जागी टाइप करायच्या, आणि उरलेल्या वेळात म्हशीला काय घालायचं, काय नाही, ते सांगत बसायच्या. काउंटरला आधीपेक्षा जास्त गर्दी व्हायला लागली.

त्या पंचमीच्या म्हशीवर मात्र आमची पैज लागली होती. अक्कांचे दहा महिने दहा दिवस तिथीनं मोजले तर कर्नाटकी बेंदराचा दुसरा दिवस येत होता. माझा पॉपअप डॉक्टरी हिशेबानं तीनशे दहा दिवस मोजतो, तो चार-पाच दिवस पुढं जात होता.

बेंदूर आला. साहेबांची मीटिंग बेंदराच्या तिसऱ्या दिवशी होती. सकाळपासून माझं कामात लक्ष नव्हतं. चहा दोनदा उतू गेला. दुपारी फोन वाजला.

"म्हस याली," अक्का म्हणाल्या. "रेडी झालीया. झ्याक हाय."

"कधी?"

"आज पाटं. माझ्याबी दिशी न्हाय, तुझ्याबी दिशी न्हाय. म्हशीनं दोघींचंबी ऐकलं न्हाय बघ!" आणि त्या खदखदून हसल्या.

मीही हसले, पण मला धीर निघेना. "अक्का, मीटिंग झाली का? पॅकिंगचं काय ठरलं?"

"काय ठरायचं? नंबर बघ की."

मी फोन कानापासून लांब धरला. त्यांच्या मोबाईलचा नंबर नव्हता. काउंटरवरच्या टेलिफोनचा होता.

"बघितलास? ठेवतो आता," अक्का म्हणाल्या. "म्होरं बाया थांबल्यात."